न वाचता मारलेला रंधा

दौलत, उद्या शेवटचा दिवस आहे. स्टेशनजवळच्या गुदामात ते दोन्ही रंधा मशीन एजंटानं आपल्यासाठी उद्या दुपारपर्यंत धरून ठेवले आहे. मी जाऊन एकावर हात ठेवला नाही तर दोन्ही रायपूरच्या माणसाले जाते. इकडे दुकानात धंतोलीच्या वकिलाच्या बंगल्याचे बावीस दारं अर्धवट पडले आहे, सागवानाच्या फळ्यांची थप्पी पत्र्याले टेकली, नि मी सकाळपासून तुह्या जागेवर बसून कागद काळा करून राहिलो. कागदावर लिहायची आपली सवय नाही. पण फळीवर लिहायची आता मले भीती वाटते गा.

तुले जाऊन पंधरा दिवस झाले. तेरवीले नागपूरची सारी इतवारी जेवून गेली. जो तो हात धुता धुता म्हणे, दौलत मिस्त्री मोठा भला माणूस होता. भला! अबे, तुले भला म्हणणारे हे कोण? तू हेकट होता, खवचट होता, फळीत अर्ध्या सुताचा फरक निघाला तर दोन दिवस घुम्यासारखा बसत होता. तुले शिव्या द्यायचा हक्क माहा होता. तुले भला म्हणायचा हक्कही माहाच होता, नि तो मी एकदाही वापरला नाही. मी पंगतीत बुंदी वाढून राहिलो होतो, लोक म्हणे बस बस, नि माह्या डोक्यात एकच गोष्ट फिरून राहिली होती. त्या गुरुवारी तू फळीवर काय लिहिलं होतं?

आता हे सारं तुले ठाऊक आहे. तरी मी सुरुवातीपासून लिहितो, कारण हा कागद सखू वयनीच्या हाती देणार आहो. ती कोणाकडून तरी वाचून घेईन. तुह्या बायकोसमोर उभं राहून हे सांगायची माह्यात हिंमत नाही. तेरवीनंतर तीनदा सक्करदऱ्याले तुह्या घरी जाऊन आलो, तिन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

तर फळीची गोष्ट. आपण दोघं एकाच मिस्त्रीच्या हाताखाली शिकलो नि पहिल्या दिवसापासून भांडलो. एक दिवस गिऱ्हाइकासमोर आपली जुंपली. तो माणूस गेल्यावर मिस्त्रीनं हातभर लांब, दोन इंच जाड अशी एक सागवानी फळी आणून आपल्या दोघांच्या मधात आदळली. "तोंडानं नाही, पेन्शिलीनं भांडा बे!" म्हणे. तवापासून कायदा पडला. ज्याले जे म्हणायचं ते त्यानं फळीवर लिहायचं नि दुसऱ्याच्या पुढ्यात ठेवायचं. दुसऱ्यानं वाचायचं. पटलं नाही तर खाली उत्तर लिहायचं. पटलं तर त्यानंच रंधा मारून फळी साफ करायची. लिहिणाऱ्यानं आपल्या लिहिण्यावर रंधा मारायचा नाही. नि एकदा का समोरच्यानं रंधा मारला, म्हणजे त्यानं वाचलं आणि मान्य केलं. मग त्या गोष्टीवर कोणी एक शब्द काढायचा नाही.

मिस्त्री गेला, आपण आपलं दुकान टाकलं, तरी कायदा तोच राहिला. वीस वर्षांत ती दोन इंची फळी बोटाएवढी पातळ झाली. "आमचे भांडणं मोजायचे असन तर या फळीची जाडी मोजा," असं तू गिऱ्हाइकांले मोठ्या ऐटीत सांगत होता. मले राग येत होता त्याचा. आता कोणीतरी येऊन ते विचारावं असं वाटते.

आठवते का, सिव्हिल लाइन्सच्या त्या साहेबाचं कपाट? मी मापाची फळी चार बोटं आखूड कापली होती. त्याचा बटलर तणतणत आला. मी तोंड उघडायच्या आधीच तू पुढं झाला, म्हणला, "माह्या हातानं कापल्या गेली जी." त्यानं तुले वाट्टेल ते सुनावलं, नि मी मागं उभा राहून गुपचूप ऐकून घेतलं. तो गेल्यावर मी फळीवर लिहिलं, 'काहून केलं असं?' तू खाली लिहिलं, 'तुह्या तोंडाले लगाम नाही. तू उलटून बोलला असता, नि गिऱ्हाईक गेलं असतं.' मी रंधा मारला. तुले धन्यवाद म्हणायचं राहून गेलं. आपल्यात ती पद्धतच नव्हती, पण राहून गेलं हे खरं.

नि ते तान्ह्या पोळ्याचे, पोरांनी ओढायचे लाकडी बैल. दर वर्षी श्रावणात उरल्यासुरल्या तुकड्यांतून तू माह्या पोरीसाठी एक बैल बनवत होता. सारे सुतार बैल सरळ मानेचा करते, तुहा बैल मात्र मान वळवून मागं पाहते. मी चिडवलं होतं, "काहून गा, तुहा बैल मागं काहून पाहते?" तर म्हणे, "मालक येऊन राहिला का नाही ते पाहते." पाच बैल आहे घरात, चाकावर उभे, पाचही मागं पाहून राहिले. मी काल त्यांच्यावर कपडा टाकला. पोरगी भांडली.

पण मी मशीनचं सांगत होतो. धंतोलीत वकील-डॉक्टर लोकांचे नवे बंगले उठून राहिले, दारं-खिडक्यांचं काम दोघांच्या हातानं पुरं होईना, म्हणून मशीन घ्यायचं हे आपलं दोघांचंही ठरलं होतं. भांडण झालं ते कोणतं घ्यायचं यावर. एजंटाजवळ दोन विलायती मशीन होते. पहिलं नुसतं जाडीचं. फळी एका बाजूनं घातली की रोलर तिले दाबून आत ओढते, वरून पाती फिरते, नि दुसऱ्या बाजूनं फळी सगळीकडं एका जाडीची होऊन निघते. अठरा इंच रुंद फळी गपकन गिळते. दुसरं मशीन दोन्ही कामाचं. त्याच्या वरच्या मेजावर आधी फळी हातानं सरकवून सरळ करायची, मग तीच फळी खालून घालून सारख्या जाडीची करायची. पण ते अरुंद, नऊ इंचाच्या वर त्यात जात नाही, नि हर एक फळी दोनदा फिरवा.

मले पहिलं पसंत पडलं. मोठं, जोरकस, झपाझप. गुदामाच्या मुनीमानं थप्पीतली एक पिळलेली फळी त्यात घालून दाखवली. बाहेर आली ती अशी गुळगुळीत की गालावरून फिरवावी वाटे. मी चार जागी माप लावलं, चारही जागी सारखं. "पाहा!" म्हटलं तुले. तू ती फळी उचलून फरशीवर ठेवली नि एका कोपऱ्यावर पाय दिला. टक. दुसऱ्या कोपऱ्यावर दिला. टक. "ऐकलं?" म्हणे, "आधी वाकडी होती, आता सारखी वाकडी आहे. रोलरनं दाबलं तोवर सरळ, सोडलं की पुन्हा आपल्या वळणावर."

मुनीम फिसकन हसला. मले राग आला तो त्याच्या हसण्याचा, तुह्या बोलण्याचा नाही. तुहं बोलणं तर तिथंच पटलं होतं गा. आज लिहून देतो, तिथंच, त्या टक टक आवाजालेच पटलं होतं. पण परक्या माणसासमोर तू माही फळी वाजवून दाखवली, हे माह्या पोटात जाऊन बसलं. रस्ताभर मी सायकल जोरात हाणली, तू मागं कॅरियर धरून बसला.

दुसऱ्या दिवशी फळीवर जुंपली. मी लिहिलं, 'जाडीचंच घेऊ. सरळ करायले आपले हात आहे.' तू लिहिलं, 'हात किती दिवस पुरतीन? माह्या खांद्यातून कळ मारते. रंधा रेटणं होत नाही.' वीस वर्षांत तू पहिल्यांदा आपलं दुखणं लिहिलं होतं. नि मी, दौलत, मी त्याच्या खाली काय लिहिलं? 'मग घरी बस.'

तू वाचलं. खाली काही लिहिलं नाही, रंधाही मारला नाही. फळी तशीच भिंतीले टेकवून ठेवली. त्या दिवसापासून अबोला. सकाळी तू येत होता, आपल्या जागेवर काम करत होता, संध्याकाळी जात होता. वीस वर्षं रोज संध्याकाळी मी तुले सायकलवर डबलशीट घेऊन सक्करदऱ्याले सोडत होतो, तेही बंद झालं. तू पायी जाऊ लागला. मी तुह्या बाजूनं घंटी न वाजवता निघून जात होतो. नऊ दिवस. नवतपा सुरू झाला होता, नागपुरात चिमणीही झाडाबाहेर निघत नव्हती, नि तू ते सारं अंतर पायी तुडवून राहिला होता.

मग तो गुरुवार आला. सकाळपासून तुहा हात मंद चालून राहिला होता. चारदा उठून माठातलं पाणी पिला. मी पाहिलं नाही असं नाही, पाहिलं. मनात म्हटलं, नाटकं. दुपारी बारा-साडेबारा झाले असतीन. तू फळी घेतली, उलटवली, दुसऱ्या अंगानं काहीतरी लिहिलं, माह्या पुढ्यात आणून ठेवली नि माठाकडे गेला.

मी वाचलं नाही.

तीन ओळी होत्या एवढं दिसलं. अक्षर वाकडंतिकडं होतं तेही दिसलं. मले वाटलं रागानं वाकडं आहे. पुन्हा तेच असन, सरळ करा, सारखी करा, माहा खांदा नि माहा हात. मनात म्हटलं, आता ही कटकट मिटवतो. रंधा मारतो. समजू दे त्याले मान्य झालं म्हणून, बसू दे खूश होऊन. शनिवारी मी एकटा गुदामात जातो नि जाडीचं मशीन पक्कं करून येतो. मग लिही म्हणा काय लिहायचं ते. असं म्हणून मी लहान रंधा घेतला नि चार हात मारले. सर्र, सर्र, सर्र, सर्र. फळी कोरी झाली. न वाचता मारलेला रंधा आपल्या दुकानात हा पहिलाच. कायदा मोडला तो मी मोडला, तोही फसवायसाठी मोडला.

तू माठापासून परत आला. कोरी फळी पाहिली. मग माह्याकडे पाहिलं, नि तुह्या तोंडावर हसू आलं, नऊ दिवसांत पहिल्यांदा. मी मान खाली घातली. तू सालपटं गोळा करून पोत्यात भरली, दर गुरुवारी वयनीच्या चुलीसाठी नेत होता तशी, नि पोतं घेऊन बाहेर गेला. मी दारातून पाहिलं तर तू माह्या सायकलजवळ उभा. खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची घडी केली, कॅरियरवर ठेवली. बसायच्या आधी तू नेहमी तसंच करत होता, लोखंड तापलेलं राहते म्हणून. नि सीटवर हात ठेवून उभा राहिला.

मले वाटलं, याले आत्ताच्या आत्ता गुदामात जायचं आहे. म्हणत असन, मान्य झालं ना, मग चाल, लगेच माह्या आवडीचं मशीन पक्कं कर. मनातल्या मनात म्हटलं, राहा उभा. मोठा रंधा घेऊन मी दाराच्या चौकटी घासत बसलो. एक झाली, दुसरी झाली. डोकं वर काढलं तर तू नव्हता.

दुपट्टा संध्याकाळी दिसला. कॅरियरवर तसाच घडी केलेला. नवतप्यात, भर दुपारी, कानाले दुपट्टा न बांधता तू घरी गेला. मी तो दुपट्टा उचलून खिळ्याले अडकवला. म्हटलं, उद्या येईन तर घेईन.

शुक्रवारी तू आला नाही. मी म्हटलं, बसला असन फुगून. शनिवारी सकाळी मी धुतलेला सदरा घालून गुदामात जायले निघून राहिलो होतो, तर तुह्या शेजारचा माणूस सायकल फेकून दारात उभा. मी पोचलो तवा तू संपला होता. वैद्यबुवा म्हणे, अंगात ताप होताच, त्यावर ऊन लागलं. पन्हं पाजलं, कांदा चोळला, वाळ्याचे पडदे भिजवले, काही चाललं नाही. वयनी माह्याकडे पाहून एवढंच म्हणली, "तुमचीच वाट पाहत होते जी."

तिरडीचे बांबू आणले ते वाकडे होते. मी भांडलो त्या लोकांशी. म्हटलं, हा माणूस आयुष्यभर लाकूड सरळ करत आला, त्याले असल्या बांबूवर नेता? मी घरून हत्यारं आणतो, दोन मिनिटांत सरळ करतो. लोकांनी मले धरून बाजूले बसवलं. वेडा झाला म्हणे. नाही झालो. झालो असतो तर बरं होतं.

तिसऱ्या दिवसापासून मले त्या फळीनं धरलं. मी तुह्या लिहिण्याले मान्य म्हणलं, पण कायले मान्य म्हणलं? तू हसत गेला ते माह्या होकारावर विश्वास ठेवून गेला. आता तो होकार तरी खरा करू, असं मनानं घेतलं. तू जे लिहिलं असन तेच मशीन आणतो, मग ते दोन्ही कामाचं असो का आणखी काही. पण लिहिलं काय होतं? विचारू कोणाले?

मग सालपटं आठवली. हातरंध्याचं सालपट लांब निघते, गुंडाळी होऊन पडते, नि वरचं अंग गुंडाळीच्या आत जाते. म्हणजे अक्षरं आत असतीन, पुसली नसतीन. मी तसाच सक्करदऱ्याले धावलो. चुलीत गेली असतीन तर? वयनीच्या घरी सुतकात चूल पेटली नव्हती, शेजारपाजारचे डबे येऊन राहिले होते. पोतं चुलीजवळ जसंच्या तसं पडलं होतं.

"काहून जी भाऊजी, सालपटं कायले पाहिजे?" वयनीनं विचारलं.

"काम आहे वं थोडं," म्हटलं.

तिनं पोतं पुढं सरकवलं. मग म्हणली, "तापात सारखे तेच बोलत होते. गणप्यानं रंधा मारला, गणप्यानं मान्य केलं. नि दरवाज्याकडे पाहत होते. काय मान्य केलं जी तुम्ही?"

मी पोतं उचलून निघून आलो.

आठ दिवस मी तेच करून राहिलो. एक एक गुंडाळी ओल्या फडक्यात ठेवायची, नरम पडली की दोन फळ्यांमधात दाबायची, उजेडाले धरून पाहायची. घरची म्हणे, खाऊन घ्या. नाही खाल्लं. वकिलाचा माणूस दोनदा येऊन ओरडून गेला. शेकडो सालपटं कोरी निघाली. मग एकावर तुहं अक्षर दिसलं, 'मशीनचं'. पुढं सालपट फाटलं होतं. दुसऱ्या दिवशी एक तुकडा निघाला, त्यावर नुसतं 'पाहू', आधीचा शब्द घासून गेलेला. नि परवा तिसरा, साफ, ठळक: 'सोडून दे'.

मशीनचं सोडून दे. मी ते तिन्ही तुकडे जुळवून पाहिले नि मले दुसरं काही सुचलंच नाही. म्हणजे माह्या त्या 'मग घरी बस'नं तुहं मनच उठलं होतं. तुले मशीनच नको होतं. मी ओक्साबोक्शी रडलो गा, दुकानात, भुशावर बसून. नि उठून गुदामात गेलो. मुनीमाले म्हटलं, "दोन्ही नको. देऊन टाका कोणालेही."

मुनीमानं चष्मा वर केला. म्हणे, "ज्यानं फळी फरशीवर वाजवून पाहिली तो माणूस कुठी आहे? त्याले विचारून या. तवरी मी आणखी तीन दिवस, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबतो." मी त्याले सांगतलं नाही तू कुठी आहे ते.

काल सकाळी म्हटलं, चला, मशीन नाही तर हातानं करू. तू सोडून दे म्हणला, सोडलं. वकिलाचं एक तरी दार पुरं करू. म्हणून पंधरा दिवसांनी तो लहान रंधा हातात घेतला. फळीवर ठेवला, रेटला, तर चालेना. तोंड चोंदलं होतं. पाचर काढली, पाती काढली, नि आत मधात दडपून बसलेलं एक सालपट निघालं. पोत्यात गेलंच नव्हतं ते. इतके दिवस मी पोतं उपसत बसलो नि ते माह्याच रंध्याच्या तोंडात होतं.

उलगडलं. 'सायकलवर घरी'.

त्याची फाटलेली कड 'सोडून दे'च्या कडेले लावून पाहिली. बरोबर बसली. रेष न रेष जुळली.

मग 'पाहू'च्या आधीचा घासलेला शब्दही लागला. मशीनचं मागून पाहू. सायकलवर घरी सोडून दे.

वरची ओळ सापडली नाही, नि आता शोधायची गरज नाही. तिथं काय असन ते कोणीही सांगन. ताप आहे असं असन, चक्कर येते असं असन. अबोला होता म्हणून तू लिहिलं. तोंड उघडून म्हणला असता, गणप्या, चाल घरी, तर मी असा उठलो असतो! पण तू कायद्याचा पक्का. लिहून ठेवलं, मी रंधा मारला, तू समजला मान्य झालं. म्हणून हसला. म्हणून दुपट्ट्याची घडी करून सायकलजवळ उभा राहिला. मी दोन चौकटी घासल्या तोवर तू त्या उन्हात माही वाट पाहत उभा होता, नि मी आतून तुले पाहून राहिलो होतो.

वयनी, आता तुले समजलं मी काय मान्य केलं होतं ते. तू मले दारात उभं करू नको. शिव्या दे, चार लोकांसमोर दे, मी मान वर करणार नाही.

दौलत, मी काय करू रे? कालपासून एकच विचार येते. तो रंधा मशीनचा असता तर त्याच्या पात्यानं तुह्या अक्षरांचा भुगा केला असता, बारीक भुगा, हातात काही उरलं नसतं. मले कधीच कळलं नसतं. मी आयुष्यभर समजत राहिलो असतो की तू माह्यावर रागावून मशीन सोडलं. ते बरं झालं असतं का? कधी वाटते, हो. मग ते दोन तुकडे पुन्हा जुळवून पाहतो नि वाटते, नाही. तू शेवटी माह्याजवळ काही मागितलं हे तरी कळलं. वीस वर्षांत तू कधी काही मागितलं नव्हतं.

मशीनचं मागून पाहू म्हणला. आता मागून कोण पाहीन? मीच पाहतो. उद्या सकाळी गुदामात जातो नि दोन्ही कामाचं घेतो. ते अरुंद आहे, धिमं आहे, हर एक फळी दोनदा फिरवावी लागते, सारं मान्य. फळी आधी सरळ, मग सारखी. हे तुह्यावर उपकार म्हणून नाही करून राहिलो. त्या दिवशी फरशीवर टक टक झालं ते मले ऐकू आलं होतं, ऐकू आलं असं तुले सांगतलं नव्हतं, म्हणून.

आपली फळी समोर आहे. एका अंगाले अजून 'मग घरी बस' आहे. सकाळी मी रंधा हातात घेतला होता, पण ठेवून दिला. ते मी लिहिलं आहे, नि लिहिणाऱ्यानं रंधा मारायचा नाही. फळी उलटवली. दुसऱ्या अंगाले, जिथं तुहे अक्षरं होते तिथं, भीत भीत पेन्शिलीनं लिहिलं, 'चाल गा दौलत, घरी सोडतो.' तुहा दुपट्टा खिळ्यावरून काढून, घडी करून कॅरियरवर ठेवला आहे. फळी तुह्या जागेवर ठेवली आहे. वाच, नि पटलं तर रंधा मार.